मस्कतचा हलवाई आणि नाईलचा उगम

सुटीवर घरी निघताना आपण मस्कतकर एक वस्तू सामानात हमखास टाकतो, ती म्हणजे ओमानी हलवा. केशर, वेलची आणि गुलाबपाण्याच्या वासाचा, तुपाने चकाकणारा, चमच्याने खायचा हा हलवा पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना आता चांगलाच परिचित झाला आहे. तो वाटता वाटता एकदा माझ्या भाच्याने विचारले, "मामा, तुमच्या ओमानमध्ये नद्या कोणत्या?" त्याला दुसऱ्या दिवशी भूगोलाची परीक्षा होती. मी म्हटले, "एकही नाही." कोरड्या वाद्या आहेत, पाऊस पडला की त्या दोन दिवस खवळतात, डोंगरातल्या काही वाद्यांत वर्षभर थोडेफार पाणीही राहते. पण नकाशावर निळ्या रेघेने दाखवावी अशी बारमाही नदी या देशात नाही.

उत्तर बरोबर होते, तरी ते अपुरे होते हे मला पुढे कळले. जगातल्या एका फार मोठ्या नदीच्या शोधात ओमानचा, त्यातही मस्कतच्या एका हलवायाचा वाटा आहे. त्या गोष्टीत आपली मुंबई आहे, आपले नाशिकही आहे. ही गोष्ट आपल्या मंडळाच्या वाचकांना सांगावी म्हणून हा लेख.

'पेसा', 'गारी' आणि 'चपाती'

आमच्या कार्यालयात एक ज्येष्ठ ओमानी सहकारी होते. आमच्याशी बोलताना हिंदी, साहेबाशी इंग्रजी आणि खात्याच्या कामात अरबी, असा त्यांचा रिवाज. पण घरी फोन लागला की ते एका चौथ्याच भाषेत शिरत. मधूनच 'पेसा', 'गारी', 'चपाती' असे ओळखीचे शब्द कानावर पडत. एकदा न राहवून विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "ही स्वाहिली. माझा जन्म झांझिबारचा."

मस्कतमध्ये काही वर्षे काढलेल्या कोणालाही अशी माणसे भेटलेली असतात. सय्यद सईद बिन सुलतान यांनी १८४० च्या सुमारास आपली राजधानी मस्कतहून आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर नेली. लवंगेच्या बागा आणि हस्तिदंताचा व्यापार यांच्यामागे ओमानी कुटुंबे तिकडे गेली व स्थायिक झाली. १९६४ च्या झांझिबारच्या क्रांतीत त्यांची वाताहत झाली आणि १९७० नंतर, सुलतान काबूस यांच्या राजवटीत, त्यांच्यापैकी अनेकजण मायदेशी परतले. सोबत स्वाहिली घेऊन आले.

बोलता बोलता नाईल नदीचा विषय निघाला. शाळेत आम्हाला एका गुणाचा प्रश्न असे : नाईलचा उगम कोणी शोधला? उत्तर : स्पीक. मी हे सांगताच ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या स्पीकला त्या तळ्याचा रस्ता कोणी सांगितला, हे पुस्तकात होतं का?"

नव्हते. म्हणून पुढे जे मिळेल ते वाचत गेलो.

'एल्फिन्स्टन' जहाजावरून

२ डिसेंबर १८५६ रोजी मुंबई बंदरातून 'एल्फिन्स्टन' नावाची एक लढाऊ नौका झांझिबारकडे निघाली. तीवर दोन इंग्रज लष्करी अधिकारी होते. एक रिचर्ड बर्टन, मुंबई लष्कराच्या अठराव्या पायदळ पलटणीतला. भाषा शिकण्याचे या माणसाला वेडच होते. हिंदुस्तानी, गुजराती, सिंधी, फारसी, अरबी यांबरोबर मराठीची सरकारी परीक्षाही तो उत्तीर्ण झाला होता. दुसरा जॉन हॅनिंग स्पीक, बंगाल लष्करातला. त्याला शिकारीचा नाद होता, आणि भाषांपैकी मोडकीतोडकी हिंदुस्तानी तेवढी येत होती. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना आफ्रिकेच्या पोटात असल्याचे बोलले जाणारे मोठे सरोवर शोधायला पाठवले होते. नाईल नेमकी कुठून निघते हे कोडे युरोपात दोन हजार वर्षे पडून होते, आणि त्या सरोवरात त्याचे उत्तर सापडेल अशी आशा होती.

ते झांझिबारला उतरले तेव्हा बेट सुतकात होते. दोनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १८५६ मध्ये, सय्यद सईद मस्कतहून झांझिबारला येत असताना समुद्रातच वारले होते. ज्या जहाजावर ते वारले त्याचे नाव होते 'व्हिक्टोरिया'. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

त्यांचे चिरंजीव सय्यद माजिद गादीवर होते. त्यांनी पाहुण्यांना संरक्षणासाठी एका जमादाराच्या हाताखाली बलुची शिपाई दिले. बंदराची जकात कच्छी भाटिया व्यापाऱ्यांच्या मक्त्यात होती. त्यांच्या पेढीशिवाय किनाऱ्यावर ना हमाल मिळत, ना उधारी. मुख्य भूमीवरची वाटही नवी नव्हती. बागामोयोजवळच्या किनाऱ्यापासून आत शेकडो मैल अरब व्यापाऱ्यांचे तांडे वर्षानुवर्षे जात येत होते. मुक्काम, विहिरी, कोणत्या सरदाराला किती कापड आणि किती मणी द्यायचे, सारे ठरलेले होते. बर्टन आणि स्पीक 'अज्ञात' प्रदेशात शिरले ते अशा चांगल्या रुळलेल्या रस्त्याने.

काझेहचा यजमान

जून १८५७ मध्ये किनारा सोडून, तापाने गांजलेले हे दोघे ७ नोव्हेंबरला काझेह या ठाण्यावर पोचले. हे ठिकाण आजच्या टांझानियातील टबोरा शहराजवळ होते. तिथे ओमानी व्यापाऱ्यांची वस्ती होती. त्यांच्यातल्या प्रमुखाने पाहुण्यांना राहायला घर दिले, सामान आपल्या वखारीत ठेवून घेतले, पळून गेलेल्या हमालांच्या जागी नवे मिळवून दिले आणि संध्याकाळी गप्पांना बसू लागला. त्याचे नाव स्नाय बिन आमिर, अल हार्थ जमातीचा. ओमानच्या शर्किया भागात, इब्राच्या बाजूला, आजही या जमातीची वस्ती आहे.

बर्टनने त्याच्याविषयी लिहून ठेवले आहे की, या माणसाने आयुष्याची सुरुवात मस्कतमध्ये हलवाई म्हणून केली, आणि सोळा वर्षांत तो पूर्व आफ्रिकेतल्या सर्वांत श्रीमंत हस्तिदंत व गुलाम व्यापाऱ्यांपैकी एक झाला.

हा हलवाई नुसता पैसेवाला नव्हता. आतल्या प्रदेशातल्या भाषा त्याला येत होत्या. बर्टनला त्याने शब्दसंग्रह करून दिले, जमातींच्या चालीरीती सांगितल्या. आपल्या ग्रंथातली बरीच माहिती त्याच्या बोलण्यातून मिळाली, हे बर्टनने मोकळेपणाने मान्य केले आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाण्याची. मिशनऱ्यांनी ऐकीव माहितीवरून १८५५-५६ च्या सुमारास तयार केलेल्या नकाशात आफ्रिकेच्या मध्यभागी गोगलगायीच्या आकाराचे एकच प्रचंड सरोवर दाखवले होते. स्नायने सांगितले, की ते एक नाही, तीन वेगळी तळी आहेत. एक दक्षिणेला, एक पश्चिमेला उजिजीचे, आणि तिसरे उत्तरेला. उत्तरेचे हे तळे उजिजीच्या तळ्याहून मोठे. अरब व्यापारी त्याला उकेरेवे म्हणत. आफ्रिकेच्या नकाशात पुढे जे सिद्ध झाले ते हेच : न्यासा, टांगानिका आणि आज ज्याला आपण व्हिक्टोरिया म्हणतो ते.

त्याचे हे सांगणे ऐकीव नव्हते. १८५२ साली तो स्वतः या उत्तरेकडच्या तळ्याच्या काठच्या बुगांडा राज्यात, सुना राजाच्या दरबारी जाऊन आला होता. त्याच्याही आधी, १८४४ मध्ये, अहमद बिन इब्राहिम नावाचा अरब व्यापारी तिथे पोचला होता. म्हणजे ज्या राज्याच्या सीमेवर नाईल सरोवरातून बाहेर पडते, तिथे ओमानी माणूस स्पीकच्या दहा आणि अठरा वर्षे आधी जाऊन आला होता. पण ते व्यापाराला गेले होते. नकाशा काढायला नव्हे.

'बॉम्बे' नावाचा माणूस

बर्टन व स्पीक आधी पश्चिमेला गेले आणि फेब्रुवारी १८५८ मध्ये टांगानिका पाहून काझेहला परतले. बर्टन आजारी होता. तेव्हा स्पीक एकटाच उत्तरेला निघाला. एकटा म्हणजे इंग्रजांपैकी एकटा. बरोबर हमाल होते, बलुची शिपाई होते, आणि एक माणूस होता ज्याच्यावाचून स्पीकला एक वाक्यही पुढे नेता आले नसते. त्याचे नाव सिदी मुबारक बॉम्बे.

हा याओ जमातीचा. लहानपणी गुलाम धरणाऱ्यांनी त्याच्या गावावर घाला घातला. किलवा, झांझिबार असे विकले जात एका अरब व्यापाऱ्याच्या हाती तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आला. अनेक वर्षे चाकरी केली, धनी वारल्यावर मोकळा झाला, झांझिबारला परतून सुलतानाच्या सैन्यात शिरला, आणि तिथून बर्टनने त्याला नोकरीला घेतले. या सगळ्या प्रवासात तो हिंदुस्तानी शिकला होता. स्पीकला स्वाहिली येत नव्हती, अरबीही नव्हती. म्हणून स्पीक बॉम्बेला हिंदुस्तानीत विचारी, बॉम्बे स्थानिक माणसांना स्वाहिलीत विचारी, आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. नाईलच्या उगमाचा शोध मुंबईच्या बाजारात चालणाऱ्या भाषेतून लागला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

३ ऑगस्ट १८५८ रोजी मवान्झाजवळच्या टेकडीवरून स्पीकने ते पाणी पाहिले. तीन दिवस काठावर राहून, प्रदक्षिणा सोडाच, पलीकडचा काठही न पाहता त्याने निष्कर्ष काढला की हाच नाईलचा उगम. आणि राणीच्या नावाने त्याला 'व्हिक्टोरिया' म्हटले. बर्टनला हे पटले नाही. दोघांचे बिनसले ते कायमचे. सप्टेंबर १८६४ मध्ये बाथ येथे दोघांचा जाहीर वाद व्हायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी शिकारीत स्वतःचीच बंदूक उडून स्पीक वारला. पुढे १८७५ मध्ये स्टॅन्लीने सरोवराला वळसा घातला, तेव्हा स्पीकचा अंदाज बरोबर होता हे ठरले.

त्याआधी स्पीक दुसऱ्यांदा आला. बरोबर बॉम्बे होताच. २८ जुलै १८६२ रोजी तो सरोवराच्या उत्तर टोकाला, जिथे पाणी खडकांवरून उसळी घेऊन नाईल म्हणून वाहू लागते, तिथे उभा राहिला. आसपासचे लोक त्या जागेला 'दगड' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, हे त्याने स्वतःच नोंदले आहे. जवळच्या जिंजा शहराचे नाव त्याच शब्दावरून आले. पण स्पीकने धबधब्याला नाव दिले 'रिपन', आपल्याला पाठवणाऱ्या सोसायटीच्या अध्यक्षाचे. हे लॉर्ड रिपन म्हणजे १८८० ते १८८४ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झालेले, नगरपालिकांना स्वराज्याचे धडे देणारे, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले तेच रिपन. त्यांनी तो धबधबा कधी पाहिला नाही.

नावे ठेवण्याची रीत

ही रीत आपल्याला अनोळखी नाही. १८२० च्या दशकात मुंबई मरीनच्या अधिकाऱ्यांनी आखाताची मोजणी केली, तेव्हा मुसंदमच्या डोंगरांत शिरलेल्या दोन खाड्यांना त्यांनी मुंबईच्या दोन गव्हर्नरांची नावे दिली, एल्फिन्स्टन आणि माल्कम. महाबळेश्वरला गेलात तर तिथेही एल्फिन्स्टन पॉइंट आहे, आणि गावाचे एक नाव माल्कमपेठ आहे. कृष्णा-कोयनेच्या उगमापाशी आणि होर्मुझच्या तोंडाशी तीच दोन नावे! खसबला जाऊन डॉल्फिन पाहण्यासाठी आपण ज्या लाकडी होडीत बसतो ती एल्फिन्स्टनच्या खाडीतूनच जाते. मात्र नावाडी तिला खोर अश्शम म्हणतो, आणि त्याच्या आजोबांनीही तेच म्हटले असणार.

अरबांचीही नावे ठेवण्याची रीत होती, पण जरा निराळी. आपल्यापैकी अनेकांचे बिऱ्हाड जिथे आहे त्या 'अल वादी अल कबीर'चा अर्थ 'मोठी वादी'. अरब स्पेनमध्ये गेले तेव्हा सेव्हिलजवळच्या मोठ्या नदीलाही त्यांनी हेच नाव दिले, आणि स्पॅनिश तोंडात त्याचे ग्वादल्किविर झाले. राज्य गेले तरी नाव टिकले, कारण ते कोणा राजाचे नव्हते, पाण्याचे वर्णन होते.

स्पीकचा विचार करताना मला बॉम्बेचे नाव अधिक अस्वस्थ करते. सरोवराला राणीचे नाव मिळाले, धबधब्याला अध्यक्षाचे. आणि माणसाला शहराचे. आईबापांनी ज्या नावाने त्याला हाक मारली असेल ते प्रवासवर्णनांत कुठेच आले नाही. तो स्पीकबरोबर थेट इजिप्तपर्यंत गेला, पुढे स्टॅन्ली आणि कॅमेरॉन यांच्याबरोबरही हिंडला, सोसायटीने त्याला पदक आणि नंतर पेन्शन दिले. १८८५ मध्ये तो वारला. नकाशावर त्याच्या नावाचा साधा ओढासुद्धा नाही.

गोदावरीकाठची मुले

आता नाशिक. नाशिकच्या शरणपूर भागात मिशनऱ्यांनी आफ्रिकी मुलांसाठी एक आश्रम चालवला होता. इंग्रजांच्या आरमाराने समुद्रात गुलामांची गलबते पकडली की सुटका झालेली मुले मुंबईला आणली जात, त्यांतली काही नाशिकला पाठवली जात. तिथे त्यांना इंग्रजी, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईत आला, तेव्हा या मुलांपैकी नऊजण त्याने आपल्या सफरीसाठी घेतले. शिवाय मुंबईचे तेरा शिपाई. जानेवारी १८६६ मध्ये तो मुंबईहून झांझिबारला गेला ते 'थूल' नावाच्या जहाजातून. मुंबई सरकारने हे जहाज सुलतान माजिद यांना भेट म्हणून पाठवले होते.

लिव्हिंग्स्टनलाही नाईलचाच उगम हवा होता. स्पीकचे सरोवर हा खरा उगम नव्हे, तो आणखी दक्षिणेला आहे, असे त्याचे मत होते. गोदावरी जिथे उगम पावते त्या ब्रह्मगिरीच्या परिसरात वाढलेली मुले नाईलचा उगम शोधायला आफ्रिकेच्या रानात गेली, ही केवढी विलक्षण गोष्ट! लिव्हिंग्स्टन चुकला. ज्या लुआलाबा नदीचा त्याने माग धरला ती काँगोची निघाली. १ मे १८७३ रोजी तो तापाने व अतिसाराने वारला. नोकरांनी त्याचे काळीज झाडाखाली पुरले. नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने त्या वेळी प्रार्थना म्हटली व झाडाच्या खोडावर नाव कोरले. मग साऱ्यांनी मिळून ते शव महिनोन्महिने चालत किनाऱ्यावर आणले. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता.

हिशेबाची दुसरी बाजू

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. स्नाय बिन आमिरचे नाव पुस्तकात यायला हवे होते असे म्हणताना त्याचा व्यापार कशाचा होता हे झाकून चालणार नाही. हस्तिदंत किनाऱ्यावर येई तो गुलामांच्या डोक्यावरून, आणि बॉम्बे किंवा शरणपूरची मुले ज्यांनी धरली ते याच व्यापारातले होते. त्या व्यापाराला भांडवल पुरवणाऱ्यांत हिंदी सावकारही होते. गुलामांची समुद्रमार्गे ने-आण बंद करण्याचा करार मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी एप्रिल १८७३ मध्ये सुलतान तुर्की यांच्याशी इथे मस्कतमध्येच केला. दोन महिन्यांनी झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. स्नाय मात्र हे पाहायला राहिला नाही. स्पीकच्या दुसऱ्या सफरीच्या सुमारास, मन्वा सेरा या न्यामवेझी सरदाराशी झालेल्या लढाईत तो मारला गेला.

माझ्या झांझिबारी सहकाऱ्यांशी मी हेही बोललो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खरं आहे. लिहायचं तर दोन्ही लिहा. रस्ता दाखवला तेही, आणि रस्त्यावर काय चालायचं तेही."

म्हणून दोन्ही लिहिले आहे.

नकाशाचे काय झाले, तेवढे सांगून थांबतो. १९४८ मध्ये महात्माजींच्या रक्षेचा काही भाग जिंजा येथे, नाईल जिथे निघते तिथेच, विसर्जित झाला. १९५४ मध्ये ओवेन फॉल्सचे धरण पुरे झाले आणि लॉर्ड रिपन यांचा धबधबा पाण्याखाली गेला. सरोवराचे नाव जगाच्या नकाशावर व्हिक्टोरियाच आहे, आणि तिथून निघणाऱ्या प्रवाहाला व्हिक्टोरिया नाईलच म्हणतात. पण त्या जुन्या धरणाच्या वीजकेंद्राला आता 'नालुबाले' म्हणतात, आणि शेजारच्या नव्या केंद्राला 'कीरा'. नालुबाले हे सरोवराचे बुगांडातले जुने नाव, आणि कीरा हे नदीचे. स्पीक यायच्या कितीतरी आधीची ही नावे त्या काठावर कोणीतरी रोज घेत होते.

भाचा आता मोठा झाला आहे. त्याला ते अपुरे उत्तर पुरे करून पाठवले. आपणही पुढच्या सुटीत घरी हलव्याचा डबा उघडाल, तेव्हा मुलांना हा हलवाई आणि 'बॉम्बे' नावाचा माणूस, या दोघांची गोष्ट जरूर सांगा.